छप्पर उचलायला किती ताकद लागते?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बाया आणि अवजारं’ या सत्रात मी जे बोलले त्याचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. ज्यांच्याविषयी बोलले त्या मावशींची परवानगी घेतली आहे. नावं मात्र मुद्दामच दिलेली नाहीत.)

इथे टेबलावर मी एक ड्रिल मशीन ठेवलं आहे. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एकीने ते पाहून विचारलं, "ताई, सुतार यायचाय का?" तिचं काही चुकलं नाही. ड्रिल दिसलं की आपण त्याच्यामागे एक पुरुष शोधतो. पडद्याची दांडी बसवायची असो, नाहीतर सासऱ्यांचा फोटो भिंतीवर लावायचा असो, आपण वॉचमनला सांगून ठेवतो, "कुणी ड्रिलवाला दिसला तर वर पाठवा." आणि मग तो येईपर्यंत फोटो कपाटावर भिंतीला टेकून उभा असतो, सहा सहा महिने.

मीही त्यातलीच. २०१० साली मी एम.एस.डब्ल्यू. झाले. नंतर पाच वर्षं आपल्याकडेच एका जिल्ह्याच्या गावी समुपदेशन केंद्रात काम केलं. समानतेवर शिबिरं घेतली, पोस्टर्स रंगवली, गाणी म्हटली. २०१६ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत मिशिगन राज्यात गेले आणि आता तिथे मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांसोबत काम करते. पण वयाच्या पस्तिशीपर्यंत मी ड्रिल हातात धरलं नव्हतं. आमच्या घरी ते होतं. ते ‘त्याच्या’ कपाटात असायचं, जशी डाळ-तांदळाची पिपं ‘माझ्या’ कपाटात. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. भांडण न होता जे ठरतं तेच सगळ्यात पक्कं ठरलेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे ड्रिल माझ्या हाती आलं ते एका गाडीचं छप्पर उचलण्यासाठी. ती गोष्ट आज सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला अमेरिकेतल्या गाडीच्या छपराशी काय करायचंय? थोडा धीर धरा.

तिकडे उन्हाळ्यात लोक तळ्याकाठी, जंगलात मुक्कामाला जातात. पैसेवाल्यांकडे बसएवढी घरं असतात, चाकांवरची. पण मध्यम परिस्थितीतल्या कुटुंबांसाठी एक स्वस्तातला प्रकार आहे, त्याला पॉप-अप कॅम्पर म्हणतात. दोन चाकांवरची एक बुटकी पेटी, मोटारीच्या मागे जोडून न्यायची. मुक्कामाला पोचलं की तिचं झाकण, म्हणजेच छप्पर, वर उचलायचं. चार कोपऱ्यांत एकात एक सरकणारे चार खांब असतात, त्यावर ते उभं राहतं. मग दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर ओढायचे, कापडाच्या भिंती ताणायच्या, की आत उभं राहता येईल अशी खोली तयार. मिशिगनला लागून असलेल्या इंडियाना राज्यात चाकांवरच्या घरांचे खूप कारखाने आहेत. तिथल्या मिडलबरी गावाजवळ १९६८ साली लॉइड आणि बर्था बॉन्ट्रेगर या नवराबायकोने आपल्या शेतावर असाच एक कारखाना काढला. भांडवल काय, तर कोंबड्यांची खुराडी, एक गोठा, आणि छप्पर उचलण्याची लॉइडने शोधलेली नवी यंत्रणा. कंपनीचं नाव पडलं जेको. त्यातला ‘जे’ हा लॉइडच्या मधल्या नावातला. काम दोघांनी उभारलं, नाव एकाचं लागलं. ही कथाही तुम्हाला नवीन नाही.

तर हे छप्पर वर कसं जातं? गाडीच्या पुढच्या टोकाला एक विंच असतं. त्यात लोखंडी हँडल अडकवायचं आणि फिरवत राहायचं. आमच्या ओळखीतल्या गाडीला साठाच्या वर फेरे लागतात, मी मोजले आहेत. मुक्कामाच्या जागी संध्याकाळी चक्कर मारली तर दिसतं काय? बाप हँडल फिरवतोय, पोरं बघतायत, आई आत जायची वाट पाहत हातात गाद्या, भांडी, स्टोव्ह घेऊन उभी. छप्पर वर गेलं की बापाचं काम संपलं. तो खुर्ची टाकून बसतो. आईचं काम तिथून सुरू होतं.

आमच्या गावात एक मराठी मावशी आहेत. मूळच्या वाईच्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्या, लग्न झालं आणि १९८४ साली मिशिगनला आल्या. फिजिक्स वाईलाच राहिलं. काकांनी २००४ साली अशी एक जुनी गाडी घेतली होती. दर उन्हाळ्यात ते दोघं लेक मिशिगनच्या काठावर लडिंग्टनच्या सरकारी उद्यानात आठ-दहा दिवस जायचे. वाळूच्या टेकड्या, समुद्राएवढं तळं. काका छप्पर उचलायचे, मावशी पिठलं-भात करायच्या.

२०१९ साली काका गेले. गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली. तीन वर्षांनी मुलाचा टेक्सासहून फोन आला, "आई, ती गाडी विकून टाक. तुला काही ते छप्पर उचलायला जमणार नाही." मुलगा वाईट नाही. आईची काळजी करणारा आहे. मावशींचा उजवा खांदा आखडलेला, हात डोक्याच्या वर जात नाही. त्या मला म्हणाल्या, "खरंच आहे गं त्याचं. माझ्या अंगात तेवढी ताकद कुठे आहे?"

मी मान डोलावली. मग त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घरात मी कधी नुसती बसले नाही. बसले असेन तर त्या गाडीच्या पायरीवर. भांडी घासून झाली की तिथे बसायचे, पाण्याकडे बघत. तिथे कुणी मला हाक मारत नसे."

मैत्रिणींनो, छप्पर वर जात नाही एवढ्यासाठी एका बाईची आयुष्यातली एकुलती एक बसायची जागा विकली जाणार होती. आणि सगळे, ती स्वतः आणि मीसुद्धा, त्याला निसर्गनियम मानून बसलो होतो. बाईत ताकद कमी, त्याला कोण काय करणार?

मी म्हटलं, "मावशी, मी येते. मी फिरवते हँडल." २०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघींनी गाडी अंगणात ओढली. विसाव्या फेऱ्याला माझा दंड भरून आला, चाळिसाव्याला मी खाली बसले. पलीकडच्या घरातली म्हातारी शेजारीण कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "अगं, लोक हल्ली ड्रिल लावतात." ड्रिलच्या तोंडात एक छोटा लोखंडी दांडा बसवायचा, त्याचं दुसरं टोक विंचमध्ये हँडलच्या जागी जातं. ड्रिल फिरलं की विंच फिरतं. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तुमच्या नवऱ्याला कोणता साइज हवाय?" मी म्हटलं, "नवऱ्याला नकोय, मला हवाय." मोठी क्रांती केल्यासारखं वाटलं मला. घरी येऊन ‘त्याच्या’ कपाटातून ड्रिल काढलं.

आता माझी फजिती सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

मला वाटलं, मशीन आलं म्हणजे काम झालं. वेगाचा खटका दोनवर होता, तो तसाच राहू दिला. बटण पूर्ण दाबलं. घर्रकन आवाज झाला, छपराची पुढची बाजू झपाट्याने वर आली. मला हसू फुटलं. तेवढ्यात मावशी ओरडल्या, "थांब, थांब गं! मागे बघ!" प्रवासात छप्पर उघडू नये म्हणून चारही बाजूंना कड्या असतात. मागची उजवी कडी मी उघडलीच नव्हती. तीन कोपरे वर चाललेले आणि चौथा जखडलेला. बटण सोडेपर्यंत आतून काहीतरी ताडकन वाजलं आणि ड्रिलने माझं मनगट असं पिरगाळलं की आठ दिवस पोळी लाटता आली नाही. त्या कोपऱ्याची तार उसवली होती, कप्पी वाकली होती. दुरुस्तीचे पैसे मी भरले. दुरुस्ती करणारा म्हणाला, "म्हणून तर आम्ही ड्रिल लावू नका म्हणतो." मावशी गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मुलगा सांगत होता तेच बरोबर होतं."

ते वाक्य मला मनगटापेक्षा जास्त लागलं. कारण चूक माझी होती, आणि नालायक ठरल्या मावशी. आपल्या कामात असं किती वेळा होतं, त्याकडे मी नंतर येते.

पंधरा दिवस आम्ही त्या गाडीचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी मावशींचा फोन आला, "टॉर्च घेऊन ये." गेले तर बाई गॅरेजमध्ये चटई टाकून गाडीखाली उताण्या! म्हणाल्या, "ये, तूही आडवी हो. हे बघ, हा आपला रहाट आहे. दुसरं काही नाही."

आणि त्या मला समजावू लागल्या. विंचच्या ढोलावर एक जाड तार गुंडाळली जाते. ती गाडीच्या खालून मागे जाते आणि एका लोखंडी पट्टीला बांधलेली असते. त्या पट्टीपासून चार तारा चार कोपऱ्यांना गेलेल्या. मोठी तार ओढली की चारही तारा एकदम ओढल्या जातात आणि चारही खांब सारखे वर सरकतात. एक कोपरा अडला तर त्याचा सगळा ताण त्या एका तारेवर येतो. "म्हणजे तू त्या दिवशी छप्पर उचलत नव्हतीस," मावशी म्हणाल्या, "तार तोडत होतीस."

मग त्यांनी विचारलं, "तुझे काका ते छप्पर दंडाने उचलत होते का? विंचमधले दाते आणि हे लांब हँडल काढून टाक, आणि बोलाव गावातल्या कुठल्याही पैलवानाला. एकट्याने उचलू दे बरं सरळ!"

मला तिथे चटईवर पडल्या पडल्या लख्ख उजेड पडला. छप्पर शंभर किलोच्या पुढचं. वर एसी बसवलेला असेल तर आणखी चाळीसएक किलो. ते एकटा पुरुषही उचलत नाही. विंच उचलतं. दातेरी चाकांमुळे जोर कमी लागतो आणि बदल्यात फेरे जास्त मारावे लागतात. एवढाच सौदा आहे. म्हणजे काकांच्या हातात आधीच एक यंत्र होतं! फक्त ते त्यांच्या दंडाच्या, त्यांच्या खांद्याच्या मापाने बनवलेलं होतं. पुरुषाच्या हाती अवजार असलं की आपण त्याला त्याची ताकद म्हणतो, आणि बाईला तिच्या सोयीचं अवजार लागलं की तिचा अशक्तपणा म्हणतो. खरा फरक ताकदीचा नव्हता, अवजार कुणाचं माप घेऊन बनवलं याचा होता.

हे ड्रिलच बघा ना. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या हातातल्या ड्रिलचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर या कंपनीला १९१७ साली मिळालं. ते कारखान्यांसाठी होतं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा तिकडे लाखो बायका कारखान्यांत शिरल्या. विमानांच्या पत्र्यांना त्यांनी भोकं पाडली, रिबिटी ठोकल्या. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाईच्या मनगटाला झेपणार नाही. देशाला गरज होती ना! १९४५ साली युद्ध संपलं आणि त्यातल्या कितीतरी जणींना घरी पाठवण्यात आलं. १९४६ साली त्याच कंपनीने घरगुती वापराची ड्रिलं बाजारात आणली. आणि घरात ते कुणाच्या हाती गेलं? बापाच्या! वायरशिवाय, बॅटरीवर चालणारं ड्रिल १९६१ साली आलं. आज तुमच्यासमोर आहे ते त्याचंच पणतवंड.

आपल्याकडचंही एक उदाहरण देते. गावातला हापसा. सगळ्या देशात जो इंडिया मार्क टू हापसा बसला, त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूरच्या हापशांमध्ये आहे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातून मार्क टू तयार झाला. पाणी भरायचं काम बाईचं, पण हापसा मोडला की मिस्त्री पुरुष, तोही गाडी घेऊन तालुक्याहून येणार. सांगायचे काय, तर जमिनीतले पाइप ओढणं बाईचं काम नाही. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात बायका हापसा दुरुस्ती शिकल्या. बहुतेक दलित आणि कोल समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी पाइप बाहेर काढले, वॉशर बदलले, पाणी आणलं. पाइप ओढायला पकडी असतात, पाने असतात. पुरुष मिस्त्रीसुद्धा ते नुसत्या हाताने ओढत नव्हता. पुढे इंडिया मार्क थ्री आला. त्यात दट्ट्या काढायला सगळे पाइप वर ओढावेच लागत नाहीत. म्हणजे अवजार बदलता येतं, आणि ते बदललं की ‘बाईला जमत नाही’ हे वाक्य आपोआप गळून पडतं.

पण अवजार हाती आलं की सगळं झालं, असंही म्हणू नका. माझं मनगट साक्षीला आहे. दुरुस्तीवाला म्हणाला त्यातही तथ्य होतं. कितीतरी विंचच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं की याला ड्रिल लावू नका. मावशींनी ते पुस्तक काढून वाचलं, आणि का लावू नका ते शोधलं. ‘नाही’ म्हटल्यावर गप्प न बसता ‘का नाही’ विचारणं, हे त्यांचं जुनं फिजिक्स असेल. हाताने फिरवताना काही अडलं तर हाताला कळतं, आपण थांबतो. ड्रिलला कळत नाही. ते ओढत राहतं, तार तुटेपर्यंत. शिवाय विंचला आतून ब्रेक असतो, तो वेगाने तापतो, झिजतो. काही विंचना मात्र ड्रिलसाठी मुद्दाम षटकोनी टोक दिलेलं असतं, त्यांचे दाते वेगळ्या पद्धतीचे असतात. दुरुस्तीच्या वेळी मावशींनी चौकशी करून तसंच विंच बसवून घेतलं. म्हणजे नियम मोडला नाही, नियमाचं कारण दूर केलं.

मग आम्ही दोघींनी मिळून पद्धत ठरवली. ती सांगते, कारण कुठल्याही अवजाराला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिलं, गाडी सपाट जागेवर, आणि चाकांना ठोकळे. चारही कड्या उघडायच्या. उघडल्या का हे एकीने बघायचं आणि दुसरीने हात लावून पुन्हा बघायचं. तोंडी ‘हो हो’ चालणार नाही.

दुसरं, वेगाचा खटका एकवर. एकवरसुद्धा ड्रिल मिनिटाला चारशे-पाचशे फेरे मारू शकतं. हाताने आपण तीस-चाळीस मारतो. म्हणून बटण हलकेच दाबायचं. गाडी फर्स्टला टाकून क्लच सोडतो ना, तसं.

तिसरं, ड्रिलच्या तोंडाशी आकडे लिहिलेली एक कडं असतं. ते कमी आकड्यावर ठेवलं की जास्त जोर पडताच ड्रिल कटकट आवाज करून स्वतःच फिरायचं थांबतं. खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि छप्पर जेमतेम उचललं जाईल तिथवरच वाढवायचं. म्हणजे काही अडलं तर तार तुटण्याआधी ड्रिल हार मानेल.

चौथं, ड्रिल दोन्ही हातांनी धरायचं. हँडलला लांबी असते, म्हणून कमी जोरात काम होतं. ड्रिलला ती लांबी नसते, त्यामुळे उलटा पीळ सरळ मनगटावर येतो. बाजूची जादा मूठ मिळते ती लावायची. बांगड्या, ओढणी, पदर, मोकळे केस सांभाळायचे.

पाचवं, हातभर वर गेलं की थांबायचं. चारही कोपऱ्यांना फिरून बघायचं, सारखं वर आलंय का. शेवटचे पाचसात फेरे ड्रिल काढून हँडलनेच मारायचे, म्हणजे वरची हद्द हाताला कळते. उतरवतानाही हँडलच. उतरवायला जोर कमी लागतो, आणि घाई केली तर कापड चिमटतं, तार ढिली पडून गुंतते.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, खांबांना टेकू लावल्याशिवाय कुणीही छपराखाली डोकं घालायचं नाही. लहान मुलं तर लांबच.

जूनमध्ये मावशींनी स्वतः ड्रिल धरलं. विंच गुडघ्याच्या थोडं वर असतं, म्हणून त्या स्टुलावर बसल्या, कोपर अंगाशी, खांदा खाली. तो दुखरा खांदा उचलायची वेळच आली नाही. थोडं फिरवायच्या, थांबायच्या, उठून चक्कर मारायच्या, पुन्हा बसायच्या. काका पाच मिनिटांत करायचे त्याला आम्हाला वीस लागली. मी म्हटलं, "मावशी, हाताने लवकर झालं असतं." त्या म्हणाल्या, "लवकर कुणाला हवंय? मला वर हवंय." छप्पर वर गेलं. त्या आत शिरल्या, पलंग ओढले, आणि बाहेर येऊन पायरीवर बसल्या. अंगणातच. पाणी वगैरे काही नव्हतं समोर, शेजाऱ्यांचं गवत होतं. मुलाला त्यांनी फोटो पाठवला, खाली काहीही न लिहिता. जुलैमध्ये आम्ही लडिंग्टनला गेलो. मुलगाही आला होता. त्याने हँडलला हात घातला तेव्हा मावशी म्हणाल्या, "तू गाद्या काढ."

आता आपल्या कामाविषयी.

२०१३ सालची गोष्ट. केंद्रात एक पंचविशीची बाई आली, दोन लहान मुलं घेऊन. अंगावर वळ. माझ्या हातात २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा होता. चांगला कायदा आहे, घरात राहायचा हक्क देतो, संरक्षणाचा आदेश मिळतो, पोटगीची सोय आहे. मी त्या कायद्याच्या प्रेमात होते. तिला म्हटलं, "खंबीर हो. आजच अर्ज करू." केला. पण मी विचारलं नाही की रेशनकार्ड कुणाकडे आहे, मुलांचे दाखले कुठे आहेत, बँकेत तिच्या नावाचं खातं आहे का, नोटीस घरी पोचेल त्या रात्री तिच्यासोबत कोण असेल. पंधरा दिवसांनी तिने अर्ज मागे घेतला. तिला आधीपेक्षा जास्त मार पडला होता. आणि आमच्या बैठकीत आम्ही काय म्हणालो? "बाईच खंबीर नव्हती."

त्या गाडीखाली पडल्यावर मला ती आठवली. कायद्यात जोर होता. बटण मी पूर्ण दाबलं होतं. मागची कडी उघडली आहे का, ते बघितलं नव्हतं. आणि तार तुटली ती तिची तुटली, माझी नव्हे. आपण बायकांना ‘खंबीर हो’ सांगतो तेव्हा छप्पर दंडाने उचलायला सांगत असतो. आणि कायदा घेऊन घाईने धावतो तेव्हा माझ्यासारखं ड्रिल दोनवर ठेवून बटण दाबतो. दोन्हीत आपण तिला बरोबर घेऊन गाडीखाली आडवं होत नाही. कुठली तार कुठे बांधली आहे हे तिला कळत नाही, आणि खरं म्हणजे आपल्यालाही कळत नाही. आता माझ्याकडे बाई आली की पहिल्या दिवशी मी कड्या मोजते. तिच्याच तोंडून. जिथे जिवाला धोका आहे तिथे तिला त्याच क्षणी बाहेर काढावं लागतं, त्यात दुमत नाही. पण तिथेही रात्री ती कुठे झोपणार हे आधी बघावं लागतं.

एवढं बोलून मी थांबते. भाषण पुरे. आता तुम्ही गोल करून बसा. ड्रिलची बॅटरी मी काढून ठेवली आहे, ते हातोहात फिरवू या. प्रत्येकीने धरायचं, वजन बघायचं, वेगाचा खटका कुठे, आकड्यांचं कडं कुठे ते शोधायचं. मग बॅटरी लावू आणि कोपऱ्यात जी फळी ठेवली आहे तिच्यात एकेकीने स्क्रू बसवायचा. संपूर्ण फळी भरली की ती या हॉलच्या भिंतीवर लावायची आहे, आपल्या पिशव्या अडकवायला. भिंतीला भोक कोण पाडणार ते तुम्ही ठरवा. सुतार येणार नाहीये.